पुरचुंडी

माघ सरत आला की गिरणा अंग चोरते.
पाणी पलीकडच्या काठाला, पाटाएवढं,
अलीकडे नुसती वाळू,
आणि वाळूत आप्पांनी काठीने आखलेली आमची वाडी.
हातभर उकरलं की वाळू काळी होते,
आणखी वीतभर, की बोटांना गार लागतं.
तिथे थांबायचं.
तिथे शेणखताची ओंजळ,
तिच्यात बी, टोक खाली.

पण थंडी अजून गेलेली नसते.
पहाटे वाळूवर पाय ठेवला तर विळ्यावर ठेवल्यासारखा.
कोरडं बी टाकलं तर झोपूनच राहतं,
मुंग्या नेतात.
म्हणून आमच्याकडे बी जमिनीच्या आधी
माणसात पेरतात.

रात्रभर भिजवायचं,
जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायचं,
वरून एरंडाचं पान,
आणि ती पुरचुंडी कंबरेला, पोटाशी,
दोन रात्री, दोन दिवस.
माझ्या जन्माआधीपासून हे आईचं काम.
ती भाकरी थापायची, बाजार करायची,
जावेशी भांडायची,
आणि तिच्या निऱ्यांखाली काकडी जागी होत असायची.

यंदा आईला हिवताप.
मी म्हटलं, बरंच की, अंग आयतंच तापलंय.
आप्पा हसले नाहीत.
"ताप बियले जाळी टाकस.
मनं आंग थंड. तू बांधी ले."

दुसऱ्या दिवशी माझी बारावीची प्रॅक्टिकल.
सकाळची उत्राण–एरंडोल गाडी,
युनिफॉर्मच्या आत
शंभर काकडी, साठ गिलकी, थोडा दुधी,
खड्डा आला की माझा हात आपोआप पोटावर.
कासोद्याला एक बाई शेजारी बसली.
तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं,
मग गळ्याकडे,
मग एरंडोल येईपर्यंत खिडकीबाहेर.

बाहेरून आलेल्या सरांनी
बेडकाच्या हृदयाचे कप्पे विचारले.
तीन.
बस, एवढंच विचारलं.
सूक्ष्मदर्शकावर वाकले तेव्हा
फडक्यातलं पाणी मांडीवरून घोट्यापर्यंत उतरलं,
आणि मी कांद्याच्या सालीचं चित्र काढत राहिले,
पेशीला पेशी लावून,
विटांच्या भिंतीसारखं.

संध्याकाळी नदीत, आप्पांसमोर, गाठ सोडली.
वास आला: ओल्या कापडाचा, माझ्या घामाचा,
आणि त्यामागून कुठूनतरी
हिरवा.
आप्पांनी एक बी तळहातावर घेतलं.
उंदराच्या पिल्लाच्या दाताएवढं पांढरं
बाहेर डोकावत होतं.
काकडीची एकोणनव्वद.
गिलकी आळशी, त्यांना अजून एक रात्र.
दुधीचं त्यांनी सांगितलं नाही.

मी म्हणणार होते, छान आलंय,
पण तसं म्हणायचं नसतं.
आप्पांचं नाव उखर्डू.
त्यांच्या आधीची चार गेली,
म्हणून यांना जन्मताच घटकाभर उकिरड्यावर ठेवलं,
मरण आलं तर कचरा समजून पुढे जाईल.
साठ वर्षं झाली, अजून तरी पुढेच गेलंय.
तेच आप्पा आता वाकून
एकेक बी खतात बसवतात
आणि पुटपुटतात,
"काय येनार याम्हाईन. कचरा."
इतक्या मायेने
मला कधी कुणी शिवी दिलेली नाही.

अंधार पडला तेव्हा पुलाखाली
वाळूच्या ट्रॅक्टरांचे दिवे लागले होते.
आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं,
घोंगडी झटकली,
आणि वाडीच्या त्या बाजूलाच अंथरली.

मी गिलकी पुन्हा बांधून घरी आले.
पुरचुंडी हलकी झाली होती,
चालताना उगाच चुकल्यासारखं वाटत होतं.
आई खाटेवर, ताप उतरत आलेला,
केस कपाळाला चिकटलेले.
पेपरचं तिने विचारलं नाही.
"किती फुटनात?"

मी तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली.
"काही नही माय. दोन-चार."

ती कूस वळवून
निवांत झोपली.